कळलावीची भिंत

वीस वर्षं मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत आले. पुस्तकातल्या चित्राला चार कडा असतात आणि पान उलटलं की त्याचं काम संपतं. त्यामुळे पुण्यातल्या एका घरून ‘जेवणाच्या खोलीसाठी हाताने काढलेल्या चित्राचा वॉलपेपर करून द्याल का?’ अशी विचारणा आली, तेव्हा मला वाटलं, चित्र ते चित्रच, फक्त मोठं. भिंत १४ फुटांना थोडी कमी रुंद आणि ९ फूट उंच. घरातले नवराबायको दोघंही मूळचे कोकणातले. त्यांना पावसाळ्यातलं कोकण हवं होतं आणि मी कळलावी सुचवली. कुंपणावर चढत जाणारी, पिवळ्याची केशरी आणि केशरीची लाल होणारी ती वेल फार दिवसांपासून माझ्या मनात होती. तीन आठवड्यांत देते, असं मी सांगून बसले. भिंत पुरी झाली ती साडेचार महिन्यांनी. मधल्या काळात जे उमजत गेलं, ते ज्या क्रमाने उमजलं त्याच क्रमाने लिहिते आहे.

१. जे फूल मला सगळ्यांत आवडलं होतं, त्यानेच भिंत बिघडवली.

आपल्याकडे मिळणारा वॉलपेपरचा नेहमीचा रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब असतो. माझं चित्र त्यावर पुन्हा पुन्हा छापलं जाणार होतं, म्हणजे ते २१ इंच रुंदीचं हवं होतं. उंची मी २५ इंच धरली. इंपिरियल कागद २२ बाय ३० इंचांचा असतो, त्यावर ते आरामात बसलं. मधोमध तळहाताएवढं एक फूल काढलं आणि त्या एका फुलावर चार दिवस घालवले. प्रत्येक पाकळीची कड कशी मुरडते, पिवळा रंग लालात कुठे विरतो, सगळं मनासारखं उतरलं. मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रती काढल्या आणि घरातल्या मोकळ्या भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवल्या. नऊ प्रती लावून झाल्या तेव्हाच पोटात गोळा आला. माझं लाडकं फूल शाळेच्या कवायतीत उभं असल्यासारखं ओळीत उभं होतं. आडव्या ओळी, उभ्या ओळी, मध्ये काहीच नाही. हिशोब केला. आठ पट्टे, प्रत्येक पट्ट्यात सव्वाचार वेळा. म्हणजे त्या भिंतीवर ते फूल ३४ वेळा दिसणार होतं. एकदा पाहिल्यावर जे फूल ‘बघ, बघ’ म्हणतं, ते ३४ वेळा तेच म्हणू लागलं तर त्या खोलीत कुणाला जेवण जाईल? आधी मी कागद बदलून पाहिला, मग रंग. फूल लहान करायला हवं हे कळत होतं, पण ते मान्य करायला आठवडा गेला.

२. मी जिथे काहीच काढलं नव्हतं, ती जागासुद्धा पुन्हा पुन्हा येत होती.

फूल लहान केलं तरी भिंत सुधारेना. फुलाखाली मी मोकळी जागा ठेवली होती, वेलीला श्वास मिळावा म्हणून. नऊ प्रती शेजारी आल्यावर त्या मोकळ्या जागा एकमेकींना जोडल्या गेल्या आणि भिंतीवर आडवा फिका पट्टा तयार झाला. डोळा फुलाकडे जायचा सोडून त्या पट्ट्यावरून घसरत जायचा. पुस्तकात मोकळी जागा म्हणजे विसावा. इथे तीच जागा सगळ्यांत ठळक रेघ झाली होती.

हे सुटलं ते सांगलीत बसलेल्या माझ्या आईमुळे. व्हिडिओ कॉलवर तिला भिंत दाखवली. तिने दोन क्षण बघितलं आणि म्हणाली, “अगं, तू समोरासमोरचे ठिपके घातलेस. मधले ठिपके घाल की.”

ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके दोन तऱ्हांनी मांडतात. एका तऱ्हेत प्रत्येक ओळीचे ठिपके एकाखाली एक येतात. दुसऱ्या तऱ्हेत पुढच्या ओळीचा ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेखाली पडतो. १३ ते ७ ठिपके म्हणतात ती दुसरी तऱ्हा. वॉलपेपरच्या आणि कापडाच्या धंद्यात यालाच ‘हाफ ड्रॉप’ म्हणतात. शेजारचा प्रत्येक पट्टा अर्ध्या चित्राने खाली सरकवायचा, माझ्या बाबतीत साडेबारा इंचांनी. मग एका फुलाच्या शेजारी फूल न येता दोन फुलांमधली जागा येते आणि डोळा आडवा न धावता तिरका, वर-खाली हिंडत राहतो. आईने आयुष्यात कागदावर चित्र काढलेलं नाही. पण पहाटे अंगणात तिने जे काढलं ते सगळं हेच होतं, आणि इतकी वर्षं मी त्याला रांगोळी म्हणत बाजूला ठेवलं होतं.

३. गणिताच्या लेखी मी दोन्ही वेळा एकच गोष्ट केली होती.

माझा भाचा गणित शिकतो. त्याने सांगितलं की सपाट पृष्ठभागावर सतत पुन्हा येणाऱ्या नक्षीचे, तिच्यातल्या समतोलाच्या दृष्टीने पाहिलं तर, फक्त १७ प्रकार होऊ शकतात. अठरावा शक्यच नाही. रशियन शास्त्रज्ञ फेदोरोव याने १८९१ मध्ये ते सिद्ध केलं, आणि गणितात त्यांना वॉलपेपर ग्रूप असंच म्हणतात. माझं चित्र कुठे फिरत नव्हतं, आरशासारखं उलटत नव्हतं, नुसतं सरकत होतं. त्यामुळे सरळ मांडणी काय आणि अर्ध्याने सरकवलेली काय, दोन्ही एकाच प्रकारात, सतरांतल्या सगळ्यांत साध्या प्रकारात पडतात. मला त्या दोहोंमध्ये तीन आठवड्यांचं अंतर होतं. हे ऐकून वाईट वाटलं नाही. एवढ्या साध्या जागेतही इतकं चुकता येतं आणि इतकं सुधारता येतं, याचा उलट धीर आला.

४. कळलावी मी नीट पाहिलीच नव्हती.

ही गोष्ट सांगायला जड जातं. मी कळलावी फोटोंवरून काढली होती. वेल म्हटलं की हात आपोआप भोपळ्याची, काकडीची वेल काढतो. खोडातून निघणारे, स्प्रिंगसारखे गुंडाळलेले तणावे. मीही तेच काढले. ऑगस्टमध्ये त्या घरातल्या वहिनी गावी निघाल्या होत्या, त्यांच्यासोबत कुडाळजवळ दोन दिवस गेले. करवंदीच्या जाळीवर कळलावी फुलली होती. पावसात छत्री खांद्यावर अडकवून तिच्यासमोर बसले आणि लक्षात आलं की तिला खोडातून निघणारे तणावेच नाहीत. ती पानांनी चढते. प्रत्येक पान टोकाला निमुळतं होत जातं आणि ते टोकच वळून काडीला मिठी मारतं. पानच हात. आणि फुलाच्या पाकळ्या वर उलटलेल्या, पुंकेसर आडवे पसरलेले, त्यांच्याबरोबरीने मधली बारीक काडीही काटकोनात वळून एका बाजूला बाहेर आलेली. मी ती सरळ खाली लोंबती काढली होती.

१८०७ मध्ये फ्रान्समधल्या झ्युबेर या कारखान्याने ‘हिंदुस्थान’ नावाचा भिंतभर पसरणारा वॉलपेपर काढला. मोंजां या चित्रकाराने तो केला तो थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी काढलेल्या हिंदुस्थानातल्या दृश्यांच्या आधाराने. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेला देश त्याने तिसऱ्यांच्या भिंतीवर उतरवला. त्याची छायाचित्रं मी पूर्वी पाहिली होती तेव्हा मनात थोडा वरचष्म्याचा भाव होता. करवंदीच्या जाळीसमोर तो उतरला. कुडाळ माझ्यापासून एका रात्रीच्या एसटीवर होतं.

या चुकीतूनच चित्राचा सांधा मिळाला, हे मात्र सांगायलाच हवं. पट्टे जिथे जुळतात तिथे काय काढायचं, हा मला छळणारा प्रश्न होता. कडेवर फूल आलं तर ते चिरलं जातं, नुसतं खोड आलं तर जोड ओळखू येतो. आता कडेवर पानाची टोकं आणली. एका पट्ट्यातलं पान शेजारच्या पट्ट्यातल्या काडीला धरतं. वेल स्वतः जे करते त्यानेच दोन कागद जोडले गेले.

५. भिंतीवरच्या पक्ष्याने माणसांकडे बघू नये.

कुडाळच्या त्या जाळीत एक नाचण पक्षी होता. शेपटीचा पंखा उघडत, मिटत, एका जागी न ठरणारा, डोळ्यावर पांढरी भुवई. परत आल्यावर मी तो काढला, अगदी समोरून, शेपटी पूर्ण उघडलेली. चांगला झाला होता. घरातल्या आठ वर्षांच्या मुलाला नमुना दाखवला तर तो म्हणाला, “ते सगळे माझ्या ताटात बघतायत.” ३४ नाचण, ३४ वेळा रोखलेला डोळा. मान वळवून पाहिली, पाठमोरा काढून पाहिला. पण जो क्षणभर थांबत नाही तो पक्षी ३४ जागी एकाच पवित्र्यात खिळलेला दिसला की तो नाचण राहत नाही.

प्रसिद्ध इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसने आपल्या घराच्या बागेतल्या जाळीवरचे गुलाब पाहून १८६२ मध्ये पहिला वॉलपेपर रेखला, ‘ट्रेलिस’. त्यातले पक्षी त्याने काढले नाहीत, ते त्याचा वास्तुरचनाकार मित्र फिलिप वेब याच्याकडून काढून घेतले. नक्षीतल्या पक्ष्यासाठी मॉरिससारख्यालाही दुसऱ्याचा हात लागला, हे वाचून मी माझा पक्षी काढून टाकला. ते चित्र फेकलं नाही. फळीवर ठेवून दिलं.

६. घरातल्या भिंतीवर घरातल्या सगळ्यांचा हक्क असतो.

सुधारलेला नमुना घेऊन गेले तेव्हा वहिनींच्या सासूबाई पहिल्यांदा बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या. ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी चष्मा लावला, कागदावर वाकल्या आणि हात आखडून घेतला. “गो बाय, ह्यां फूल घरात हाडूचां नाय. कळ लागता.”

कळलावी दारात खोवली की घरात भांडणं लागतात, ही समजूत मी ऐकून होते आणि तरी ती विचारात घेतली नव्हती. कंद विषारी असतो, त्यात कोल्चिसीन असतं, एवढं मला वाचून ठाऊक होतं. पण म्हातारीच्या मनातली भीती विषाची नव्हती, नावाची होती. वहिनी चिपळूणच्या. त्या म्हणाल्या, “आई, आमच्याकडे गौरीच्या पूजेला हेच फूल लागतं.” आजी म्हणाल्या, तुमच्याकडे लागत असेल. मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

मी कागद गुंडाळायला घेतला. खरं सांगते, त्या क्षणी मला ते सगळं जुनाट वाटत होतं आणि मनातून मी रागावले होते. महिनाभराचं काम होतं ते. पण गुंडाळता गुंडाळता वाटलं, या खोलीत दिवसातून दोनदा मी जेवणार नाही, त्या जेवणार. वॉलपेपर घरच्यांना मिटून ठेवता येत नाही. पुस्तक नावडलं तर मिटता येतं.

आजींनीच तोडगा काढला. दारासमोरच्या भिंतीवर नको, आतल्या भिंतीवर चालेल. आणि ती एकटी नको. “तेरडो घाल. गवरीक तेरडो लागता.” म्हणजे कळलावीसोबत तेरडा असला की ती गौरीची झाली, भांडणाची राहिली नाही. मी तेरडा घातला, आधी त्यांचं मन राखायला म्हणून. बारीक गुलाबी फुलं, पानांच्या बगलेत बसलेली, मागे निमुळती शेपटी, आणि बोट लावताच फुटतील अशा फुगीर शेंगा. घातल्यावर दिसलं की मोठ्या फुलांमधली जी पोकळी दोन महिने मला भरता येत नव्हती, ती भरली गेली होती. केशरीच्या शेजारी गुलाबी मी कधीच धजावले नसते. ओल्या सड्यावर ते दोन्ही रंग शेजारी असतातच.

७. रंग कागदावर वाळतो तेव्हा बदलतो, छापताना बदलतो आणि दिव्याखाली तिसऱ्यांदा बदलतो.

ग्वाशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, गडद रंग वाळल्यावर थोडे फिके पडतात आणि फिके रंग थोडे गडद होतात, हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. छपाईच्या आधी छोटा तुकडा छापून बघतात, त्याला स्ट्राइक-ऑफ म्हणतात. माझा पहिला स्ट्राइक-ऑफ आला तेव्हा हिरवा रंग औषधाच्या बाटलीसारखा होता. दुसऱ्यात लाल रंगाने बाकी सगळं गिळलं. तिसरा दिवसा उत्तम दिसला आणि रात्री त्या खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली पिवळ्या पाकळ्या दिसेनाशाच झाल्या. चौथा तुकडा मी जेवणाच्या टेबलासमोर दोन आठवडे टांगून ठेवायला सांगितला आणि मगच होकार मागितला. आता हे मी प्रत्येक कामात करते.

मॉरिसचा १८७५ मधला ‘अकँथस’ छापायला लाकडाचे ३० ठसे लागत. एका नक्षीसाठी तीस वेळा कागदावर ठसा ठेवायचा, प्रत्येक वेळी जागच्या जागी. पिवळ्यातून लालात जाणारी पाकळी मला मशिनवर एका फटक्यात मिळत होती, म्हणून मी पहिल्या चित्रात रंग वापरत सुटले होते, मोजले तेव्हा चौदा भरले. गोव्यात मोरजीला मोरजाईच्या देवळात कावी काम पाहिल्यावर हात आवरला. चुन्याच्या गिलाव्यावर काव, म्हणजे तांबडी माती, चढवायची आणि ती ओली असताना टोकदार हत्याराने कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. तांबडा आणि पांढरा, बस. आणि तरी त्या वेलबुट्टीत काही कमी वाटत नाही. मी चौदाचे सहा केले. तळाला कावेचा अगदी फिका रंग धरला, पानं मातकट हिरवी, आणि लाल फक्त पाकळीच्या टोकाशी.

हिरव्याबद्दल एक आठवलं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या कितीतरी घरांत हिरवा वॉलपेपर आर्सेनिक घातलेल्या रंगाचा असे. सुंदर हिरवा, आणि विषारी. आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग माझं काय चुकलं? त्यांचं खरंच चुकलं नव्हतं. भिंतीवर काय चढवतो हे आधी विचारावंच.

८. सरळ भिंत कुठेच नसते.

पावसात भिंती ओल्या असतात म्हणून कागद डिसेंबरात लावायचं ठरलं. लावायला आलेले कारागीर पंचवीस वर्षं हेच काम करणारे. त्यांनी माझं चित्र आधी बघितलंच नाही. खिशातून ओळंबा काढला, वरून सोडला, भिंतीवर पेन्सिलीने एक रेघ मारली. मग कोपऱ्याकडे गेले, पुन्हा ओळंबा सोडला आणि मला बोलावून दाखवलं. उजवा कोपरा वरपासून खालपर्यंत पाऊण इंच कलला होता. मी घाबरले. ते म्हणाले, “मॅडम, सरळ भिंत मी अजून बघितली नाही.”

मग त्यांनी नक्षी बघितली, बराच वेळ, आणि म्हणाले, बरं झालं वरच्या बाजूला आडवी रेघ नाही तुमची. आडवी रेघ असती तर छताचा बाकही उघडा पडला असता. वेल असली की लपतं. मी हे ठरवून केलं नव्हतं. कळलावी आडवी वाढत नाही, एवढंच.

हाफ ड्रॉपचे पट्टे ते एकाआड एक दोन वेगळ्या रोलांमधून कापत होते, म्हणजे कागद कमी वाया जातो. पाठीवर पेन्सिलीने आकडे टाकत होते. खळ लावली की कागद फुगतो, म्हणून प्रत्येक पट्टा घडी घालून काही मिनिटं मुरत ठेवायचे आणि मगच चढवायचे. एकदा मी घाई केली, म्हटलं, लावूया ना. ते म्हणाले, “आत्ता लावला तर भिंतीवर फुगेल. इथंच फुगू दे.” पानाच्या टोकाने शेजारची काडी धरलेला पहिला जोड जुळला तेव्हा त्यांनी तळव्याने कागद सपाट केला आणि मान थोडी मागे घेऊन बघितलं. काही बोलले नाहीत. मला ते पुरलं.

९. चूक लपवायला जे लावलं, त्याच्याकडेच सगळ्यांची नजर जाते.

उजव्या कोपऱ्यात आठवा पट्टा तिरका कापावा लागला. वरून खाली तीन ठिकाणी फूल चिरलं गेलं, ते चालण्यासारखं होतं. पण बरोबर डोळ्यांच्या उंचीवर एक पान राहिलं, ज्याचं टोक वळलं होतं आणि ज्याला ते धरत होतं ती काडी कापून गेली होती. पानाने हवेला मिठी मारली होती. बाकी कुणाला ते दिसलं नसतं. मला दुसरं काही दिसेना.

इंग्लंडमध्ये लीड्सजवळ टेम्पल न्यूसम नावाचा मोठा वाडा आहे. तिथल्या एका दिवाणखान्यात हाताने रंगवलेला चिनी वॉलपेपर आहे, झाडं आणि पक्षी असलेला. १८२० च्या दशकात तिथल्या लेडी हर्टफर्डना त्यात पक्षी कमी वाटले. त्यांनी ऑड्युबॉनच्या अमेरिकेतल्या पक्ष्यांवरच्या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रं कात्रीने कापली आणि भिंतीवर चिकटवली. त्या ग्रंथाची आज जी किंमत होते ती ऐकली की कात्रीच्या आवाजाने अंगावर काटा येतो. पण मला त्या बाई समजतात. भिंत त्यांची होती आणि तिथे एक पक्षी हवा होता.

मी घरी गेले, फळीवरचा नाचण काढला. समोर बघणारा नव्हे, नंतर काढलेला, मान वळवून वर पाहणारा. बारीक कात्रीने शेपटीचं एकेक पीस सोडवून कापलं. दुसऱ्या दिवशी कारागिरांनी खळ दिली आणि मी स्वतः तो त्या पानाच्या टोकाशी लावला, असा, की त्याच्या पायाखालची काडी आता ते पान धरतं.

३४ फुलं आणि एकच नाचण. आजींना कुणी काही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी त्या काठी टेकत आल्या, सगळी भिंत डावीकडून उजवीकडे बघत गेल्या आणि कोपऱ्यात थांबल्या. वहिनींकडे वळून म्हणाल्या, माझी खुर्ची इकडे ओढ.